गांडुळं मेली की खोल गेली? फवारणी, आळवणी आणि मातीतल्या जीवांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा-सात वर्षांपूर्वी पाऊस पडला की शेतात गांडुळंच गांडुळं दिसायची, आता फावडं मारलं तरी एक निघत नाही. औषध विकणारा म्हणतो आमचा माल गांडुळांना सेफ आहे, लेबलवरच लिहिलंय बघा. शेजारी म्हणतो पाच-दहा किलो गांडुळं विकत आण आणि दे सोडून. तर नक्की झालंय काय आणि आता करायचं काय?

वीस-बावीस वर्षं मातीचे नमुने तपासणं आणि लोकांच्या शेतात खड्डे खणणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दर हंगामात कोणी ना कोणी विचारतंच. विक्रेता पूर्ण खोटं बोलत नाहीये, शेजाऱ्याचा हेतूही चांगलाच आहे, पण दोघांचं ऐकून तुमचं काम होणार नाही. "कीटकनाशकाने गांडुळं मरतात का" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. तुम्ही कुठलं औषध, किती आणि कुठल्या वाटेने मातीत घातलं, आणि त्यानंतर गांडुळांना पिल्लं होऊ शकली का, हे बघायला लागेल. माझ्या अनुभवात बहुतेक शेतांतली गांडुळं एका दिवसात मरून गेलेली नसतात, त्यांची पुढची पिढीच जन्माला येत नाही आणि चार-पाच वर्षांनी एकदम लक्षात येतं की अरे, माती रिकामी झाली.

आधी एक विचारतो, फावडं मारलंत कधी? कोरड्या दिवसांत, वरची वीतभर माती कडक झालेली असताना खणलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. मातीत राहणारी बरीच गांडुळं अशा वेळी खोल जातात, अंगाची गुंडाळी करतात आणि ओल येईपर्यंत झोपून राहतात. त्यामुळे मोजायचं ते चांगला पाऊस होऊन किंवा पाणी देऊन वापसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, शक्यतो सकाळी. 25 सेंटीमीटर लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच खोल असं ढेकूळ उचलून पोत्यावर ठेवा आणि हाताने फोडत फोडत सगळी गांडुळं मोजा, पिल्लंसुद्धा. आलेल्या आकड्याला 16 ने गुणलं की एका चौरस मीटरचा अंदाज मिळतो. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी असे पाच-सहा खड्डे घ्या, आणि तेवढेच खड्डे जिथे कधीच फवारणी होत नाही अशा बांधावर किंवा पडीक तुकड्यात घ्या. ही तुलना फार महत्त्वाची आहे, कारण बांधावरही गांडुळं नसतील तर कदाचित मातीच तशी असेल, हंगाम चुकला असेल, औषधाला उगाच दोष देण्यात अर्थ नाही.

अजून एक. मोठी, गळपट्टा आलेली गांडुळं किती आणि दोऱ्यासारखी बारीक पिल्लं किती हे वेगवेगळं लिहून ठेवा. गळपट्टा म्हणजे अंगावर पुढच्या बाजूला दिसणारा जाडसर पट्टा, तो आला की गांडूळ वयात आलं. मोठी आहेत पण पिल्लं जवळपास नाहीत असं दिसलं की मी सावध होतो, कारण म्हातारे शिल्लक असलेल्या गावासारखी त्या शेताची अवस्था असते, आज वस्ती दिसते पण पुढे कोणी नाही.

आता लेबलचं बोलू. "गांडुळांना सुरक्षित" हे वाक्य बऱ्याचदा एका ठरावीक चाचणीवर उभं असतं. 1984 साली ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेली ही चाचणी आहे, कृत्रिम मातीत औषध मिसळायचं, त्यात गांडुळं सोडायची, 14 दिवसांनी किती मेली ते मोजायचं. चाचणी वाईट नाही, वेगवेगळ्या औषधांची तुलना करायला सोयीची आहे. पण त्यात दोन मोठ्या भानगडी आहेत. पहिली म्हणजे त्यात वापरतात ते आयसेनिया फेटिडा, म्हणजे तेच लालसर गांडूळ जे गांडूळखताच्या वाफ्यात असतं. ते शेणाच्या ढिगात, सडणाऱ्या पाल्यात राहणारं, काटक आणि भराभर वाढणारं. तुमच्या शेतातली माती खाणारी फिकट गांडुळं वेगळ्या जातीची असतात आणि काही औषधांना ती जास्त नाजूक असल्याचं दिसलंय. दुसरी भानगड म्हणजे 14 दिवस. एवढ्या दिवसांत गांडूळ मेलं नाही म्हणजे ते ठीक आहे असं होत नाही. खाणं कमी झालं, वजन घटलं, अंड्यांचे कोष कमी घातले, कोषातून पिल्लं कमी निघाली, हे त्या आकड्यात येतच नाही. त्यासाठी वेगळी प्रजननाची चाचणी असते, 56 दिवसांची, चार आठवड्यांनी मोठी गांडुळं काढून घेतात आणि पुढच्या चार आठवड्यांनी पिल्लं मोजतात. बऱ्याच औषधांत मारायला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी खाली पिल्लांचा आकडा पडायला लागतो. त्यामुळे कोणी सेफ म्हणालं की मी विचारतो, कुठल्या चाचणीत?

गांडुळाला फटका एवढा का बसतो हे समजायला त्याचं अंग आठवा. त्याला फुप्फुस नाही, ओलसर कातडीतूनच श्वास घेतं, म्हणजे मातीतल्या पाण्यात जे विरघळलंय ते थेट अंगात. वर ते मातीच खातं, म्हणजे मातीच्या कणाला किंवा पानाला जे चिकटलंय तेही पोटात. किड्याला निदान वरून कडक कवच असतं, याला तेही नाही. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं किड्याच्या नसांमध्ये जे एन्झाइम बंद पाडतात तेच गांडुळाच्याही नसांमध्ये आहे. निओनिकोटिनॉइड औषधं नसेच्या ज्या कुलपात चावी अडकवतात तसलं कुलूप गांडुळातही आहे. औषधाला थोडंच कळतं की समोर अळी आहे का गांडूळ.

बरं, मेलेली गांडुळं तुम्हाला दिसणार नाहीत. त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, ओल्या उबदार मातीत दोन-चार दिवसांत विरून जातं. दाणेदार औषध टाकल्यावर कधीकधी वर येऊन वळवळणारी दिसतात, तेव्हा लोक घाबरतात, पण जे हळूहळू होतं ते कोणालाच दिसत नाही. मला ते पहिल्यांदा नीट समजलं एका फळबागेत. मालकाची तक्रार वेगळीच होती, झाडाखालचा पाला कुजत नाही म्हणून. मी बुंध्याजवळ बसलो आणि हाताने पाला बाजूला केला तर वर या वर्षीची पानं, त्याखाली गेल्या वर्षीची, त्याखाली त्याच्या आधीची, वहीची पानं उलटावीत तसे थर, आणि सगळ्यात खाली गुळगुळीत, घट्ट, हिरवट शेवाळलेली माती. गांडुळाच्या विष्ठेची एक गोळी नाही, एक भोक नाही. दोन ओळी सोडून कुंपणाजवळ फवारणी पोचत नव्हती, तिथे पाला नव्हताच, नुसती काळी भुसभुशीत माती आणि वर विष्ठेचे छोटे छोटे मनोरे. त्या बागेत वर्षानुवर्षं कार्बेन्डाझिम आणि कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, ही दोन बुरशीनाशकं आलटून पालटून चाललेली होती. कीटकनाशक तुलनेने कमीच.

म्हणजे लोकांचं लक्ष कीटकनाशकावर असतं आणि गांडुळाचा घात करणाऱ्यांत बुरशीनाशक बरंच वरच्या नंबरला असतं. कार्बेन्डाझिम गांडुळांना इतकं हमखास लागू पडतं की शेतावर गांडुळांच्या चाचण्या करतात तेव्हा "हे नक्की परिणाम करणारं औषध" म्हणून तुलनेसाठी तेच वापरतात. बेनोमिल हे त्याचंच भावंड, मातीत गेलं की त्याचं कार्बेन्डाझिमच होतं. 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या सफरचंदाच्या बागांत बेनोमिलच्या फवारण्यांनंतर पानं जमिनीत ओढून नेणारी मोठी गांडुळं जवळपास संपली आणि पाला तसाच साचत गेला. आता गंमत बघा, सफरचंदाच्या खपली रोगाची बुरशी हिवाळाभर त्या पडलेल्या पानांवरच जगते आणि वसंतात तिथूनच नवीन पालवीवर येते. गांडुळं ती पानं गाडून खात होती, म्हणजे फुकटात रोग कमी करत होती. रोगासाठी मारलेल्या औषधाने रोगाचं घर साफ करणारा कामगारच काढून टाकला. फळबागवाल्यांना मी हे दरवेळी सांगतो.

कॉपरचा मुद्दा जरा अवघड जागेचं दुखणं आहे, कारण सेंद्रिय शेतीतही ते चालतं आणि लोकांना वाटतं चालतं म्हणजे निरुपद्रवी. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, 1880 च्या दशकापासून द्राक्षमळ्यांत वापरात आहे आणि तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन वगैरे काही होत नाही. दरवर्षी जे टाकलं त्यातलं बहुतेक वरच्या थरातच बसून राहतं. जुन्या द्राक्षमळ्यांत ते इतकं साचलंय की युरोपियन युनियनने 2019 पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांबं अशी मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो. गांडुळं तांबं असलेली माती ओळखतात आणि तिथून पळतात. माती आम्लधर्मी असेल तर त्रास जास्त, चुनखडीची किंवा सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली असेल तर बराच कमी. म्हणून एकच औषध दोन शेतांत दोन तऱ्हेने वागतं, आणि म्हणून तुमची माती न बघता छातीठोक आकडा मी देणार नाही.

निओनिकोटिनॉइडमध्ये बीजप्रक्रियेचा विषय बघण्यासारखा आहे. जाहिरातीत सांगतात की फवारणी नाही, औषध फक्त बियाण्याला, किती अचूक. पण बियाण्याला लावलेल्या औषधातलं पीक स्वतः उचलतं ते मोजलं तर 2 ते 20 टक्क्यांच्या आसपास भरतं. बाकीचं जातं कुठे? मातीतच राहतं किंवा पाण्याबरोबर जातं. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन सारखी औषधं मातीत महिनोन् महिने, कधी वर्षाच्या वर टिकतात, तेवढ्यात पुढच्या पेरणीचं बियाणं येतं. युरोपियन युनियनने 2018 साली यातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मुख्यतः मधमाश्यांसाठी, पण मातीच्या दृष्टीनेही वाईट झालं नाही.

बाकीचे गट पटकन सांगतो. पायरेथ्रॉइड मातीच्या कणांना घट्ट चिकटतात म्हणून गांडुळांना तुलनेने कमी लागतात, पण मातीवर फिरणारे भुंगेरे, कोळी यांचा सुपडा साफ करतात. कार्बारिल गांडुळांना इतकं लागतं की पूर्वी गोल्फच्या मैदानावर विष्ठेचे ढीग नकोत म्हणून मुद्दाम मारायचे. ग्लायफोसेट हे तणनाशक खाऊन गांडूळ लगेच मरत नाही, मारायला प्रचंड मात्रा लागते, तरी 2015 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कुंड्यांमध्ये प्रयोग केला त्यात तणनाशक मारल्यावर तीन आठवड्यांत एका जातीचं मातीवर विष्ठा टाकणं जवळजवळ थांबलं आणि दुसऱ्या जातीचं प्रजनन तीन महिन्यांत 56 टक्क्यांनी घटलं. कुंडी म्हणजे शेत नव्हे हे मला मान्य आहे. शेतात तणनाशकाने नांगरट वाचते आणि नांगरट वाचली की गांडुळांचा फायदा होतो, हे पारड्याच्या दुसऱ्या बाजूला टाकावंच लागतं. इथे सरळ उत्तर नाही.

आता सुरुवातीला म्हणालो ती वाट, म्हणजे औषध मातीत कसं जातं ते. हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. हेक्टरी 1 किलो सक्रिय घटक, म्हणजे औषधातलं खरं काम करणारं रसायन, सगळीकडे सारखा पडला आणि वरच्या 5 सेंटीमीटर मातीत मिसळला असं धरू. 10,000 चौरस मीटर गुणिले 5 सेंटीमीटर म्हणजे 500 घनमीटर माती, वजनाने साधारण 750 टन. म्हणजे एक किलो मातीत सुमारे 1.3 मिलिग्रॅम. आता तोच 1 किलो तुम्ही आळवणीने, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतून, फक्त बुंध्याजवळ दिला, म्हणजे जेमतेम दहाव्या हिश्शाच्या जागेत, तर तिथे झाले 13 मिलिग्रॅम. इमिडाक्लोप्रिडने मघाच्या त्या काटक गांडुळांपैकी निम्मी 14 दिवसांत मरायला लागणारी मात्रा किलोला 10-11 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. इमिडाक्लोप्रिड हेक्टरी एक किलो कोणी घालत नाही, मात्रा बरीच कमी असते, हे खरं आहे, पण पिल्लांवर परिणाम त्याहून खूप आधी सुरू होतो हे विसरू नका. आणि गांडुळं असतात कुठे? जिथे ओल, सावली आणि मुळं, म्हणजे नेमकी त्याच ठिबकच्या थेंबाखाली. आपण हेक्टरचा हिशोब करतो, गांडूळ बिचारं त्या वीतभर गोलात राहतं.

फवारणीत निदान बरंचसं औषध पानावर अडतं. पण तेही पुढे पावसाने धुऊन किंवा पान गळून खाली येतंच, फक्त उशिरा. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात एल्मच्या झाडांवर रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी डीडीटी मारत होते. पानं गळली, गांडुळांनी खाल्ली, गांडुळं बऱ्यापैकी जगली, आणि वसंतात आलेले रॉबिन पक्षी ती गांडुळं खाऊन तडफडून मेले. म्हणजे गांडूळ जिवंत दिसतंय यावरही फार भरवसा ठेवू नका, कधीकधी ते विषाची थैली घेऊन फिरत असतं आणि बिल दुसराच कोणी भरतो.

टिकण्याचंही गणित सोपं आहे. समजा औषध निम्मं व्हायला 60 दिवस लागतात आणि तुम्ही दर 60 दिवसांनी देताय. पहिल्यांदा 1, दुसऱ्यांदा दिल्यावर दीड, मग पावणेदोन, असं करत ते दुपटीच्या जवळ जाऊन थांबतं, म्हणजे माती कधी रिकामी होतच नाही. वर एकाच औषधाचं हे झालं. 2019 साली युरोपातल्या 317 शेतांच्या वरच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 76 औषधांचे अंश शोधले होते, त्यात 83 टक्के नमुन्यांत एक तरी अंश सापडला आणि 58 टक्क्यांत दोन किंवा जास्त एकत्र. मान्यता देताना मात्र चाचणी बहुतेक एकेका औषधाची होते. शेतातलं गांडूळ मिक्स भाजी खातं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मोजणी वापशावर करा आणि पिल्लं बघा, लेबलवरचं "सेफ" म्हणजे बहुतेक 14 दिवसांत मेलं नाही एवढंच, कीटकनाशकाइतकंच बुरशीनाशक आणि तांब्याकडे बघा, आणि आळवणी, दाणेदार, बीजप्रक्रिया या वाटा फवारणीपेक्षा मातीला जास्त जड जातात.

गांडूळ डोळ्याला दिसतं म्हणून आपण त्याच्याबद्दल बोलतो, पण त्याच्याबरोबर जे न दिसणारं जातं त्याचा फटका पिकाला लवकर बसतो. 2021 साली मातीतल्या बिनकण्याच्या जीवांवरच्या जवळपास 400 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात तपासलेल्या गोष्टींपैकी सुमारे 70 टक्के ठिकाणी औषधांचा वाईट परिणाम दिसला. पण परिणाम नेहमी "सगळे मेले" असा नसतो. मातीत स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभर लांबीचे, उड्या मारणारे जीव असतात, बुरशी आणि कुजका पाला खातात. डीडीटी मारलेल्या जमिनीत पूर्वी असं दिसलं की ते कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण त्यांना खाणारे बारीक शिकारी कोळी (माइट) आधी मेले. त्यामुळे प्रयोगशाळेतून "जीवांची संख्या वाढली" असा रिपोर्ट आला की लगेच पेढे वाटू नका, कोण वाढलं ते विचारा.

आणि एक चूक तर मी वर्षानुवर्षं बघतोय. एका हाताने बियाण्याला बुरशीनाशक आणि दुसऱ्या हाताने त्याच वेळी, त्याच बादलीत रायझोबियम, म्हणजे मुळाच्या गाठीत नत्र बांधणारे जिवाणू. किंवा सोमवारी कार्बेन्डाझिमची आळवणी आणि गुरुवारी ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच आहे हो, रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी! कार्बेन्डाझिम तिला अगदी थोड्या मात्रेत झोपवतं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी पेरणीच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम पाळला तर नुकसान कमी होतं, शून्य नाही. डाळवर्गीय पिकाचं रोप उपटून मुळाच्या गाठी फोडून बघा, आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधलं जातंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नावालाच. मुळांवर जगणारी मायकोरायझा बुरशीही काही बुरशीनाशकांनी मागे पडते आणि मग स्फुरद मातीत असून पिकाला मिळत नाही, आपण परत स्फुरद टाकतो.

आता औषधांच्या बाजूनेही दोन शब्द बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. मी बघितलेल्या रिकाम्या शेतांपैकी बऱ्याच ठिकाणी औषध हा एकटा आरोपी नव्हता. वारंवार रोटाव्हेटर, उघडी तापलेली जमीन, काडीकचरा जाळणं, सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला, यात गांडुळाला खायलाच काही नसतं. अमोनियम सल्फेट सारखी खतं वर्षानुवर्षं टाकून जमीन आम्ल होत गेली तरी गांडुळं कमी होतात. एकदा मी स्वतः तोंडावर आपटलोय, एका शेतात ठामपणे दाणेदार औषधाला दोष दिला, त्यांनी ते दोन वर्षं बंद केलं आणि गांडुळं आली नाहीत ती नाहीच. मग कळलं की ते दर हंगामात काडीचा कणही शिल्लक ठेवत नव्हते. औषध थांबवून उपाशी ठेवलं तर कोण राहील? तेव्हापासून मी दोन्ही एकत्र बघतो.

गांडुळं आल्याने उत्पन्न किती वाढतं असंही लोक विचारतात. 2014 मध्ये जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात गांडुळं असताना पिकाचं उत्पादन सरासरी 25 टक्के जास्त आलं. पण हा फायदा मुख्यतः काडीकचऱ्यात आणि मातीत अडकलेलं नत्र मोकळं होण्यातून येतो, गांडूळ नत्र निर्माण करत नाही. म्हणजे जिथे पोतंभर युरिया पडतोच तिथे फरक कमी दिसणार. पाणी मुरणं, जमीन भुसभुशीत राहणं हे वेगळं.

तुमच्या शेतात काय करा ते सांगतो, मी असतो तर याच क्रमाने गेलो असतो. आळवणीने दिलेली आणि दाणेदार औषधं आधी तपासा, यातली किती खरंच कीड बघून दिली आणि किती "दरवर्षी देतो म्हणून". दुसऱ्या प्रकारची पहिल्यांदा काढून टाका, यात बहुतेकांचा निम्मा बोजा उतरतो. कीड मातीत नसेल, पानावर असेल, तर मातीतून औषध देऊ नका, मग ते कितीही सोयीचं असो. बुरशीनाशक लागणारच असेल तर एकाच गटाचं सारखं सारखं नको, आणि कार्बेन्डाझिम जिथे टाळता येईल तिथे टाळा. फवारणी जोरदार पावसाच्या तोंडावर नको, आणि पाऊस पडून गेल्यावर गांडुळं वर आलेली असताना लगेच तर नकोच. जमिनीवर जाड आच्छादन ठेवा, त्याने औषधाचा काही भाग वरच अडतो आणि तिथे जिवाणू ते फोडतात. पण फवारलेल्या पिकाचंच ताजं काड आणून गांडूळखताच्या वाफ्यात टाकू नका, ते आधी बाजूला ढीग करून दोन-तीन महिने कुजू द्या.

बांधाकडेला किंवा शेताच्या मधोमध एक पट्टा मात्र असा ठेवा की त्याला ना नांगर लागणार ना औषध. शेतातली गांडुळं स्वतःहून पसरतात ती वर्षाला साधारण पाच-दहा मीटरच, त्यामुळे जवळ कुठेतरी जिवंत बेणं असेल तर तीन-चार वर्षांत फरक दिसतो, नसेल तर वाट बघत बसा. काही जातींना वयात यायलाच वर्षभर लागतं, घाई करून उपयोग नाही.

आणि विकत आणलेली गांडुळं सोडू नका. ती खताच्या वाफ्यातली असतात, त्यांना शेण आणि कुजका पाला लागतो, शेताच्या मातीत ती आठवडा-दोन आठवड्यांत एकतर मरतात नाहीतर निघून जातात. त्याच माती-औषधात, जिथून तुमची स्वतःची गांडुळं संपली, तिथे पाहुण्यांनी का जगावं?

तरी मन मानत नसेल तर आधी मूठभर गांडुळांवर हे करून बघा. प्लॅस्टिकचा एक टब घ्या, मधे पुठ्ठा उभा करून दोन भाग करा. एका बाजूला शेतातली माती, दुसऱ्या बाजूला कधी न फवारलेल्या बांधावरची, दोन्ही चाळून, सारखीच ओली करून, आणि दोन्हीत सारखंच थोडं जुनं कुजलेलं शेणखत मिसळून. पुठ्ठा काढा, मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडा, वर भोकं पाडलेलं झाकण, सावलीत 48 तास. मग पुठ्ठा परत मधे घालून दोन्ही बाजू मोजा. दहापैकी आठ किंवा जास्त बांधाच्या मातीत गेली असतील तर तुमच्या शेतातली माती त्यांना नको आहे. निम्मी निम्मी राहिली तर जरा जपून घ्या, कारण नसांवर काम करणाऱ्या औषधाने गांडूळ सुस्त पडलं तर ते पळतच नाही, म्हणून हाताला लागलेलं प्रत्येक गांडूळ बोटाने टोचून बघा, झटकन आखडलं पाहिजे. आणि शेजारीच दुसरा टब ठेवा, दोन्ही बाजूंना बांधाचीच माती, नाहीतर पहिल्या टबात जे दिसलं ते मातीमुळे का नुसत्या योगायोगाने हे कळणार नाही. तीनदा करा, आकडे लिहून ठेवा, आणि गेल्या दोन वर्षांत मातीत काय काय गेलं त्याची यादी शेजारी मांडा, बऱ्याचदा आरोपी त्या यादीतच असतो.